‘खालिद’ या अरबी नावाचा अर्थ काय आणि ते कितपत प्रचलित आहे?

‘खालिद’ म्हणजे चिरंतन, कायम टिकणारा. अरबीत हे नाव ‘ख-ल-द’ या तीन व्यंजनांच्या धातूपासून तयार होते, आणि याच धातूपासून आलेला ‘खुल्द’ हा शब्द (शाश्वतता, अक्षय स्वर्ग) आपल्या परिचयाचा आहे. १७०७ मध्ये निधन पावलेल्या औरंगजेबाला मरणोत्तर ‘खुल्द-मकान’, म्हणजे स्वर्गात वास करणारा, असे संबोधले गेले आणि त्याचे दफनस्थान खुलदाबाद या नावाने ओळखले जाऊ लागले. नावामागचा हा धागा मला अर्थाइतकाच मोलाचा वाटतो.

नावाच्या लोकप्रियतेचे मुख्य कारण म्हणजे सातव्या शतकातील सेनापती खालिद इब्न अल-वलीद. त्यांच्यामुळे सुन्नी समाजात हे नाव अरबस्तानापासून मोरोक्कोपर्यंत आणि भारत-पाकिस्तानातही रुळले. शिया कुटुंबांत मात्र ते क्वचितच ठेवले जाते. सौदी अरेबियात १९७५ ते १९८२ या काळात याच नावाचे राजे गादीवर होते. तुर्की भाषेत त्याचे ‘हालित’ झाले, तर मुलींसाठी ‘खालिदा’ हे रूप आहे. मूळ उच्चारातील ‘ख’ घशातून घासत येतो. मराठीत तो साध्या ‘ख’नेच लिहिला जातो.