वाचलेलं आठवत नाही? आधी पुस्तक मीट

भाऊ, तापीच्या उपनद्या दहादा वाचूनही पेपरात सुचत नाहीत, यात तुझ्या डोक्याचा दोष नाही. पुन्हापुन्हा वाचलं की नावं ओळखीची होतात आणि 'आलं आपल्याला' असं वाटतं. पण ओळखणं वेगळं, कोऱ्या कागदावर आठवणं वेगळं.

मनात एका वेळी साधारण चारच सुटे तुकडे मावतात. (१९५६ मध्ये मानसशास्त्रज्ञ मिलरने सात म्हटलं होतं, ते सढळच निघालं.) म्हणून आठ नावांची माळ ओढू नकोस, दोन गठ्ठे कर. डाव्या तीरावर पूर्वेकडून पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा. उजव्या तीरावर अनेर, अरुणावती, गोमाई. मग गावं जोड: बोरीला अमळनेर, पांझरेला धुळे, अरुणावतीला शिरपूर, गोमाईला शहादा. गाव आठवलं की नदी मागोमाग येते.

आता पुस्तक मिटून नकाशा काढ. अडलास तरी मिनिटभर थांब, लगेच उघडू नकोस. ती ओढाताणच कामाची. नंतर मात्र लाल पेनाने दुरुस्त करच, नाहीतर चूकच पक्की होते. हेच दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, मग महिन्याने. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात आठवड्यानंतर दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, एकदा वाचून एकदा आठवून लिहिणाऱ्यांना ५६. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा मात्र वाचणारेच पुढे होते. फसगत होते ती इथे.

गणितात रेल्वे, होडी, काळ-काम यांची उदाहरणं मिसळून सोडव. एकाच प्रकारची वीस सोडवलीस तर कुठलं सूत्र लावायचं हे ठरवायची सवयच लागत नाही.