पाइक आपल्याच नावाच्या डोंगरावर कधी चढला नाही!

प्रश्न : माझी पुतणी अमेरिकेत कोलोरॅडोला असते. तिने पाइक्स पीक नावाच्या डोंगरावरून फोटो पाठवला, पार वरपर्यंत गाडी जाते म्हणे. हा पाइक कोण, पहिल्यांदा वर चढला तोच का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नाही हो काका, तिथंच तर गंमत आहे. झेब्युलन पाइक हा अमेरिकन सैन्यातला तरुण अधिकारी, जन्म १७७९ चा. १८०५ मध्ये मिसिसिपीचा उगम शोधायला धाडलं तर हा लीच लेक बघून हाच उगम म्हणून मोकळा झाला, खरा उगम निघाला इटास्का लेक. पुढच्या वर्षी पश्चिमेला पाठवलं, तिथं नोव्हेंबरात लांबवर निळा ढग दिसला, तोच हा १४,११५ फुटांचा डोंगर. माळावर अंतर फसवतं हे आपल्या सोलापूरकरांना सांगायला नको. संध्याकाळपर्यंत परत येऊ म्हणून पांघरुणं आणि शिधा खालीच ठेवून गडी वर निघाले आणि रात्र काढली गुहेत, उपाशी! अंगात पातळ कपडे, पायात मोजेसुद्धा नाहीत. आमच्या चादरी असत्या तर निदान ती रात्र तरी बरी गेली असती. सकाळी कंबरेएवढ्या बर्फातून माथ्यावर पोचतात तर काय, डोंगर भलताच, खरा अजून पंधरा-सोळा मैल लांब. मग त्याने लिहून टाकलं, तिथं माणूस चढूच शकणार नाही. १८२० मध्ये एडविन जेम्स चढला की!

पुढचे हाल तर वाचवत नाहीत. थंडीने पाय गेलेले दोन शिपाई मागे ठेवावे लागले, त्यांनी आपल्या पायाच्या बोटांची हाडं पाइककडे पाठवली, आम्हाला सोडू नका म्हणून. पाइक तोवर रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात, म्हणजे तेव्हाच्या स्पेनच्या हद्दीत, तिलाच रेड रिव्हर ही दुसरी नदी समजून गढी बांधून बसलेला. १८०७ मध्ये स्पॅनिश सैनिकांनी पकडून सांता फे, मग चिवावाला नेलं, कागदपत्रं काढून घेतली आणि त्याच वर्षी सोडलं. हेर होता का, यावर अजून वाद आहे. मला त्यापेक्षा हे भारी वाटतं की त्याला पाठवणारा जनरल विल्किन्सन स्वतःच स्पेनकडून गुपचूप पैसे खायचा.

१८१३ मध्ये ब्रिटिशांशी लढाईत यॉर्कला, म्हणजे आजच्या टोरांटोला, ब्रिटिशांनी माघार घेताना दारूगोळ्याचं कोठार उडवलं, त्यातला दगड लागून गेला. वय ३४.

पुतणीला विचारा, वर डोनट फेमस आहेत म्हणे, खाल्ले का?