सायकल आणि फिल्टर कॉफी: सुरुवातीला एवढंच

सायकल घेतलीत आणि स्टीलचा फिल्टरही, म्हणजे सकाळ मार्गी लागली! पण पहिल्याच आठवड्यात खडकवासला नको. पुण्यातून जाऊन-येऊन सहज ४० किलोमीटर होतात. आधी १०-१२ किलोमीटर, आठवड्यातून तीनदा, उजाडल्यावर.

सगळ्यात महत्त्वाची सीटची उंची. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. नवे लोक सीट खाली ठेवतात आणि मग गुडघे कुरकुरतात. मी दोन महिने तसंच चालवलं आणि दोष सायकलला दिला. दुसरी चूक जड गिअर रेटण्याची. चढ लागायच्या आधीच गिअर हलका करा, पाय भराभर फिरू देत.

- चाकांतली हवा दर आठवड्याला बघा.
- हेल्मेट कोपऱ्यावरच्या फेरीलाही.

कॉफीचं डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून थेंब थेंब उतरणारा दाट अर्क, घरातून निघण्यापूर्वीच लावून जा. दोघांना तीन मोठे चमचे पूड, फिल्टरच्या वरच्या, भोकांच्या भांड्यात अगदी हलकी दाबलेली. ठासून भरलीत तर पाणी उतरतच नाही. सगळ्यांचं पहिल्यांदा हेच होतं. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबून ओता. परत याल तेव्हा अर्क तयार. दूध कडकडीत हवं, डिकॉक्शन मात्र पुन्हा उकळू नका, चव बिघडते. चिकोरीला (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) नाकं मुरडणारे भेटतील. दुर्लक्ष करा, थोड्या चिकोरीनेच दाटपणा येतो.

क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट, ग्राइंडर, वजनकाटा वगैरे दिवाळीनंतर विचारा.