नकाशा उघडून तरी पाहिलात का?

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय सांख्यिकी. पहिली दोन वर्षं डिस्टिंक्शन होतं. आता सरासरी घसरली आहे आणि ‘सांख्यिकीय अनुमान’ या पेपरात ती जेमतेम पास झाली. रात्ररात्र ‘आर’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेबवरचे इंटरॅक्टिव्ह नकाशे आणि आलेख बनवत बसते. मला हा रंगीबेरंगी खेळ वाटतो, म्हणून रात्री दहानंतर वायफाय बंद ठेवतो. वेबचंच काम करायचं असेल तर रीतसर वेब डेव्हलपर व्हावं, यासाठी वर्षभराच्या फुल स्टॅक कोर्सचा फॉर्म भरला आहे. शिवाय बँकेच्या परीक्षेचा आणि एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचाही. माझा भाचा याच कोर्सने मार्गी लागला. तिच्या एका नकाशाची लिंक सोबत देतो आहे. मी उघडलेली नाही, मला त्यातलं काही कळत नाही. तिन्हींपैकी खात्रीचा मार्ग कोणता? पत्र लिहिल्याचं तिला माहीत नाही. – एक वडील

उत्तर : नमस्कार. तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, वर त्याचं सार दिलं आहे. त्या चार पानांत प्रत्येक सत्राचे गुण आहेत, भाच्याचा पगार आहे, तिन्ही फॉर्मच्या तारखा आहेत. मुलीला काय करायचं आहे, हे मात्र कुठेच नाही. मी दोनदा शोधलं.

गुण घसरले याची मला फारशी काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती ‘फॉर्म भरला आहे’ या शब्दांची. तीन दिशांचे तीन फॉर्म आणि तिन्ही तुम्ही भरलेले. याला मुलीपुढे पर्याय ठेवणं म्हणत नाहीत. यातला कुठलाही तिने निवडला तरी निवड तुमचीच असेल, आणि पुढे काही बिघडलं तर दोष मात्र तिच्या पदरात पडेल. तिने हे तोंडावर बोलून दाखवलं नसेल, पण तिला ते कळत नसेल असं समजू नका.

वायफायचंही तसंच. दहाला वायफाय बंद केल्याने कुठल्याच पेपरातले गुण वाढत नाहीत. ती मोबाइलच्या डेटावर तेच काम करते, फक्त आता लपून करते. या कामात लपवाछपवी विशेष वाईट, कारण नकाशा दुसऱ्याला दाखवल्याशिवाय सुधारत नाही. बनवणाऱ्याला त्यातलं सगळं आधीच माहीत असतं, त्यामुळे वाचणाऱ्याची फसगत कुठे होते ते त्याला दिसत नाही. घरातच एक प्रामाणिक, अडाणी (हा शब्द आदराने वापरते आहे) वाचक उपलब्ध होता. त्याने लिंक न उघडता ती मला पाठवली.

म्हणून मी ती उघडली. विषय आहे जगभरातले पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू. नकाशा सरकवता येतो, जवळ आणता येतो, खाली वर्षांची पट्टी आहे, देशावर क्लिक केलं की शेजारी त्या देशाचा कित्येक वर्षांचा आलेख उमटतो. असा नकाशा बनवताना आकड्यांचा तक्ता देशांच्या सीमांच्या तक्त्याशी जोडावा लागतो, पण दोन वेगळ्या तक्ते-संचांत एकाच देशाचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. एकात ‘आयव्हरी कोस्ट’, दुसऱ्यात ‘कोत दिव्हार’. नवखे लोक नावांवरून तक्ते जोडतात आणि मग नकाशात मधेच राखाडी भोकं पडतात. तुमच्या मुलीने आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे तीन अक्षरी देश-संकेत वापरून तक्ते जोडलेत. एकही भोक नाही. हे कुणी शिकवत नाही, डोकं लढवून शिकावं लागतं. तुम्ही ज्याला खेळ म्हणता त्यातला बराचसा वेळ या असल्या किचकट कामात गेला असणार.

आता दोष, कारण तुमची मुलगी हे उत्तर वाचेल अशी माझी इच्छा आहे आणि तिला गोडगोड बोलून उपयोग नाही. तिने देश रंगवलेत ते मृत्यूंच्या एकूण संख्येवर. साहजिकच भारत आणि नायजेरिया गडद, कारण तिथे जन्मच प्रचंड होतात. चाड आणि सोमालिया फिके, जिथे दर हजार जन्मांमागचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांत मोडतं. म्हणजे हा नकाशा बालमृत्यूंचा राहिलाच नाही, बराचसा लोकसंख्येचा झाला. भरीला भर म्हणून तिने वापरलेल्या ‘लीफलेट’ या नकाशे दाखवणाऱ्या साधनाचं मूळ प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडायची पद्धत, वेब मर्केटर आहे. त्यात ध्रुवांकडचा प्रदेश फुगतो आणि विषुववृत्ताजवळचा त्यापुढे खुजा दिसतो. आफ्रिका खंड ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट मोठा आहे, पण या प्रक्षेपणात दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात. रस्ता शोधायला हे प्रक्षेपण ठीक. इथे मात्र जिथे नजर जायला हवी तो भागच लहान झाला आहे.

आणि तिसरा दोष, जो मला सगळ्यांत बोलका वाटला. देशावर माउस नेला की आकडा दिसतो, दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत. ज्या देशांत जन्म-मृत्यूची नोंदच पूर्ण होत नाही, तिथला हा आकडा घरोघरच्या सर्वेक्षणांवरून बांधलेला अंदाज असतो. संयुक्त राष्ट्रांचा बालमृत्यूंचे अंदाज बांधणारा गट प्रत्येक आकड्यासोबत ९० टक्क्यांचा अनिश्चिततेचा पट्टा देतो: खरा आकडा साधारण इथपासून इथपर्यंत असू शकतो. मुलीने तो पट्टा गाळला आणि मधला आकडा दोन दशांशांत मांडला. पट्टा मुळात येतो कुठून, तो रुंद कधी आणि अरुंद कधी, हे ज्या पेपरात शिकवतात तो कोणता? सांख्यिकीय अनुमान. जिथे गुण गेले आणि जिथे नकाशा कच्चा राहिला, त्या दोन्ही जागा एकच आहेत.

तेव्हा त्या पेपराची काळजी करा, जरूर करा. सरासरीची करू नका. पण त्यासाठी नकाशा बंद करायची काय गरज? उलट, या नकाशात पट्टा दाखवायचा कसा, असा प्रश्न घेऊन ती तिच्या प्राध्यापकांकडे गेली, तर तो पेपर तिला पाठांतराहून बरा समजेल. रंगात फिकेपणा आणायचा, की आलेखात रेषेभोवती छटा द्यायची, की टूलटिपमध्ये, म्हणजे माउस नेल्यावर उमटणाऱ्या चौकटीत, ‘इतके ते इतके’ लिहायचं, यावर जाणती माणसं आजही वाद घालतात. तिनेही घालावा.

आता तुमचा मुख्य गैरसमज. तुम्हाला वाटतं की सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमधून फार तर कागदावरचे आलेख निघतात आणि ते वेबवर हलते-बोलते करायचे तर तो प्रोग्रामरचा प्रांत, म्हणून मुलीने प्रांत बदलावा. हे चित्र जुनं झालं. ‘आर’ ही भाषाच ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन सांख्यिकी-तज्ज्ञांनी १९९० च्या दशकात तयार केली. आज तिच्यातले ‘लीफलेट’ किंवा ‘प्लॉटली’सारखे पॅकेज (भाषेला जोडायचे तयार संच) काय करतात, तर तुमचा तक्ता आणि ‘कुठल्या स्तंभाचा रंग, कुठल्याची उंची’ असं वर्णन एका साध्या मजकुरी स्वरूपात बांधतात आणि त्याच नावाच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या, म्हणजे ब्राउझरच्या भाषेतल्या तयार कोडच्या, हवाली करतात. चित्र काढते ती लायब्ररी, वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये. माउस नेल्यावर आकडा उमटतो तेव्हा ‘आर’ तिथे नसतंच. हाती येते एक एचटीएमएल फाइल, जी कुठेही ठेवता येते, ईमेलनेही पाठवता येते. वाचणाऱ्याने काही निवडलं की नव्याने गणित करायचं असेल, एखादं सांख्यिकी प्रारूप (मॉडेल) पुन्हा बसवायचं असेल, तरच मागे सर्व्हरवर ‘आर’ चालू ठेवावं लागतं. २०१२ मध्ये आलेलं ‘शायनी’ त्यासाठी आहे. पायथॉनवाल्यांकडेही अशीच साधनं आहेत. म्हणजे वेब डेव्हलपर न होताही हे सगळं करता येतं. मुलीला थोडं एचटीएमएल, थोडं सीएसएस आणि वाचून समजेल इतपत जावास्क्रिप्ट शिकावं लागेल. अगदी मनाजोगतं, कुठल्याच पॅकेजात नसलेलं चित्र हवं असेल तेव्हा ‘डी-थ्री’ ही जावास्क्रिप्ट लायब्ररी शिकावी. त्याला लॉगिन-पासवर्डची पानं बांधायला शिकवणारा वर्षभराचा कोर्स लागत नाही.

साधनाच्या भरवशावर करिअर ठेवण्याबद्दल एक गोष्ट सांगते. २००६ मध्ये स्वीडनचे डॉक्टर हान्स रॉसलिंग यांनी टेड या व्याख्यानांच्या मंचावर देशांचे हलणारे बुडबुडे दाखवले आणि जग थक्क झालं. गूगलने पुढच्याच वर्षी त्यामागचं सॉफ्टवेअर विकत घेतलं. त्यानंतर ‘गूगलव्हिज’ नावाच्या पॅकेजमुळे तसलेच बुडबुडे ‘आर’मधून एका आज्ञेत निघू लागले. ते ब्राउझरमध्ये फ्लॅश नावाच्या जोड-सॉफ्टवेअरवर चालायचे. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि ज्या पानांवर असे आलेख होते तिथे रिकामी चौकट उरली. त्या आलेखांसाठी आकडे नीट लावणं ज्यांना येत होतं त्यांनी ते दुसऱ्या साधनात पुन्हा बनवले. नुसती आज्ञा पाठ असणाऱ्यांचं काम थांबलं. आज ‘लीफलेट’ आहे. तुमच्या मुलीच्या उमेदीच्या काळात दुसरं काही असेल.

नोकऱ्यांबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलंत, म्हणून स्पष्ट सांगते. ‘इंटरॅक्टिव्ह नकाशे बनवणारी’ अशा नावाची जागा क्वचितच निघते. सार्वजनिक आरोग्य, हवामान, लोकसंख्या, निवडणुका, वृत्तसंस्थांचे डेटा-विभाग, संशोधन संस्था अशा ठिकाणी हे कौशल्य सांख्यिकीच्या सोबत लागतं. बीबीसीच्या डेटा-पत्रकारांनी २०१९ मध्ये ‘आर’मधून आलेख काढायची आपली पद्धत आणि त्यासाठीचं पॅकेज सगळ्यांसाठी खुलं केलं. जानेवारी २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा कोविडचा नकाशा आला, जो पुढे साऱ्या जगाने रोज पाहिला. तो एका प्राध्यापिकेने आणि तिच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने सुरू केला होता. (लाल वर्तुळं एकूण संख्येचीच होती, बरं का. तुमच्या मुलीच्या चुकीला मोठी सोबत आहे. म्हणून ती चूक नाही असं होत नाही.)

बँकेची परीक्षा चांगली आहे, ज्यांना ती द्यायची आहे त्यांच्यासाठी. एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा तिने द्यावी असं मला वाटतं, पण ते तिने ठरवावं, आणि अनुमानाचा अभ्यास तिला तसाही करायचाच आहे.

तिन्हींपैकी खात्रीचा मार्ग कोणता, याचं उत्तर मी देणार नाही. जिच्याबद्दल आहे तिचं म्हणणं मला माहीत नाही, आणि सध्या तुम्हालाही नाही. हे उत्तर तिला वाचायला द्या. पत्र परस्पर लिहिल्याबद्दल ती रागावेल, रागावू द्या. मग तिच्या शेजारी बसून तो नकाशा उघडा आणि जे कळत नाही ते विचारा. ‘हा देश फिका का?’ एवढा प्रश्न तुम्हाला नक्की विचारता येईल, आणि तिला त्याचं उत्तर देताना अडखळायला होईल. ते अडखळणं तिच्या कामाचं आहे.

पुढचं पत्र तिने लिहावं. सोबत हाच नकाशा पाठवावा: रंग दर हजार जन्मांमागच्या प्रमाणावर, क्षेत्रफळ खरं दाखवणारं प्रक्षेपण, आणि आकड्यासोबत पट्टा. फाइलही हलकी करावी. जगाच्या नकाशासाठी तिने किनाऱ्याचं प्रत्येक वळण दाखवणाऱ्या अतितपशिलाच्या सीमा वापरल्या आहेत, फोनवर उघडायला युग लागतं. ‘नॅचरल अर्थ’ या नकाशा-संग्रहातल्या एकास ११ कोटी प्रमाणाच्या सीमा पुरतात आणि त्या फुकट आहेत.

फुल स्टॅक कोर्सची फी भरायची मुदत या महिनाअखेरीस संपते, असं तुम्ही लिहिलं आहे. ती संपू द्या.