जुनी ईको घेतोयस? आधी मॅट उचल

जुन्या मारुती ईको व्हॅनमध्ये पलंग बसवून फिरायचं, आतच झोपायचं असेल, तर सुताराला बोलावण्याआधी स्वतः गाडीखाली आडवा हो. गाडी कोकणात वापरलेली असेल तर मडगार्डच्या आत, सरकत्या दाराच्या पट्टीत आणि मॅटखाली स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. पत्रा गंजून पापडासारखा मोडला तर कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडून दे. पहिल्या गाडीत मी हे बघितलं नव्हतं. पलंग बसवला, आणि पहिल्याच पावसात तळाचं प्लाय फुगलं; सगळं उपसून काढावं लागलं.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ वाच. मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही, त्यामुळे सीट काढण्याआधी आरटीओत विचार. पलंग नटबोल्टवर, सुटा होणाराच कर.

प्लाय ७१० ग्रेडचं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय घे. वायरिंगमध्ये अजिबात काटकसर नको. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १.२ युनिट वीज. छोटा पंखा, दिवे, मोबाईल यांना दोन रात्री पुरते. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच हवा.

शेगडी गाडीबाहेरच पेटव. आणि झोपताना दोन्हीकडची काच दोन बोटं खाली ठेव, थंडी असली तरी.