‘शहीद’ पोलीस, ‘हुतात्मा’ पोलीस आणि एक ‘च’

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या मंडळाने २१ ऑक्टोबरला, म्हणजे पोलीस स्मृतिदिनाला, कर्तव्य बजावताना गेलेल्या स्थानिक पोलिसांच्या घरच्यांना बोलावून छोटासा कार्यक्रम करायचं ठरवलंय. ताईंनी फ्लेक्ससाठी मजकूर दिला, ‘शहीद पोलीसांना श्रद्धांजली’. पुण्याहून आलेले दीर म्हणाले, "शहीद हा शब्द आपला नाही वहिनी, हुतात्मा लिहा." ताईंनी दुकानात फोन करून शब्द बदलायला सांगितला आणि संध्याकाळी फ्लेक्स आला तो असा: ‘हुतात्माओंना श्रद्धांजली’. आता काय बरोबर, दीर की मी, असं ताई विचारतात.

आधी तो फ्लेक्स परत करा. दुकानदाराचा दोष नाही. दिवसभर ‘महात्माओं को शत शत नमन’ छापणारा माणूस आहे तो, त्याने हिंदीच्या साच्यात मराठी ‘ना’ बसवून दिला. ‘हुतात्मा’ मराठीत ‘आत्मा’सारखा चालतो. एक हुतात्मा, अनेक हुतात्मे, हुतात्म्यांना, हुतात्म्यांचे. बाईमाणसासाठीही हुतात्माच, ‘हुतात्मी’ वगैरे काही नाही. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवरच्या हल्ल्यात गेलेल्या केंद्रीय राखीव दलाच्या कॉन्स्टेबल कमलेश कुमारी, ज्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं, त्यांच्या नावाआधी ‘हुतात्मा’ असंच लिहायचं. आणि भाववाचक नाम हवं असेल तर ‘हुतात्म्य’ नव्हे, ‘हौतात्म्य’. सुजनचं सौजन्य होतं, तसंच.

ताई, तुमच्या मूळ मजकुरातही एक चूक होतीच, पण ती दिरांना दिसली नाही. ‘पोलीसांना’ नव्हे, ‘पोलिसांना’. एकटा असताना पोलीस दीर्घ, विभक्ती लागली की ऱ्हस्व. शहीदचंही तेच: शहीद, पण शहिदांना. ‘स्मृती’चा प्रकार याच्या उलट, एकटी असताना दीर्घ आणि समासात शिरली की ऱ्हस्व, म्हणून स्मृतिदिन. आपण इंदूरकर इथे हमखास घसरतो, कारण डोळ्यांसमोर दिवसभर ‘पुलिस’ आणि ‘शहीदों’ असतं. आपल्याकडे तर पोलीस ‘येते’सुद्धा. "गल्लीत पोलीस आली होती" हे वाक्य पुण्यात म्हणून पाहा, समोरचा विचारेल, कोण बाई? मला स्वतःला हे वाक्य आवडतं. पण फ्लेक्सवर नको.

आता दिरांच्या मुद्द्याकडे. शहीद अरबी आहे, हे खरं. त्याचा धातू साक्ष देण्याचा. शाहिद म्हणजे साक्षीदार, आणि शहादत म्हणजे साक्षही आणि हौतात्म्यही. उर्दूत पुराव्याच्या कायद्याला ‘कानून-ए-शहादत’ म्हणतात. गंमत अशी की इंग्रजीतला मार्टर ज्या ग्रीक शब्दातून आला, त्याचाही मूळ अर्थ साक्षीदारच. ज्याने आपल्या निष्ठेची साक्ष जीव देऊन पटवली, तो शहीद. (आपला पोवाडे गाणारा शाहीर या घराण्यातला नाही. तो ‘शायर’चा भाऊ.)

पण अरबी म्हणून बाहेर काढायचं ठरवलं तर पोलीस खात्यात उरेल कोण? शिपाई फारसी, हवालदार अरबी-फारसी, फौजदार तसाच, हुकूम अरबी, आणि खुद्द पोलीस विलायतेहून आलेला. मध्य प्रदेश सरकारने शिपायाचा आरक्षक आणि हवालदाराचा प्रधान आरक्षक करून पाहिला आहे. कागदावर तो छान चालतो. चौकात उभ्या असलेल्याला मात्र कोणी "अहो आरक्षक" अशी हाक मारलेली मी ऐकली नाही. भगतसिंगांना उभा देश शहीद म्हणतो, त्यात कोणाला परकेपणा वाटला नाही. तेव्हा ‘आपला नाही’ हे कारण मला पटत नाही.

‘हुतात्मा’ची बाजू वेगळी आहे आणि ती खरोखर देखणी आहे. संस्कृतात हु धातू म्हणजे अग्नीत अर्पण करणे. होम, हवन, आहुती, हविष्य, सगळे याचेच. होळीच्या पौर्णिमेला पंचांगात हुताशनी पौर्णिमा लिहितात, तो हुताशन म्हणजे हुत खाणारा, अग्नी. ज्याने स्वतःच्या आत्म्याचीच आहुती दिली, तो हुतात्मा. सावरकरांनी मराठीला दिलेल्या शब्दांच्या यादीत दिनांक, महापौर यांच्या बरोबरीने हा शब्द सांगितला जातो.

महाराष्ट्रात मात्र या शब्दामागे एक विशिष्ट चित्र उभं राहतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले १०६ हुतात्मे, मुंबईचा फ्लोरा फाउंटन आणि त्याचा झालेला हुतात्मा चौक. आता बघा, त्या हुतात्म्यांपैकी बहुतेक पोलिसांच्या गोळीबारात गेले. म्हणजे एकेकाळी ज्या शब्दाच्या एका टोकाला छातीवर गोळी झेलणारा होता आणि दुसऱ्या टोकाला गोळी झाडणारा पोलीस, त्याच शब्दाखाली पुढे पोलीसही आला. गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवणारे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांना महाराष्ट्र हुतात्मा म्हणतो आणि कोणाला त्यात विसंगती दिसत नाही. मला तरी शब्दाचं हे मोठेपण वाटतं.

मग पोलिसांसाठी कुठला शब्द? इथे तारखेमागची हकीकत लक्षात घ्यायला हवी. २० ऑक्टोबर १९५९ ला लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्सहून टेहळणीला गेलेल्या तीन तुकड्यांपैकी एक परत आली नाही. दुसऱ्या दिवशी अधिकारी करमसिंग यांच्या नेतृत्वाखाली तिच्या शोधात निघालेल्या पोलिसांवर चिनी सैनिकांनी टेकडीवरून गोळीबार केला. १० जण ठार झाले. त्यांचे देह चिन्यांनी परत केले ते १३ नोव्हेंबरला. पुढच्या जानेवारीत पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेत २१ ऑक्टोबर पाळायचा ठराव झाला. म्हणजे दिवसाचं मूळ सीमेवरचं, बर्फातलं आणि गोळ्यांचं. तिथे शहीद, हुतात्मा, वीरमरण, जे म्हणाल ते शोभतं.

पण त्या दिवशी परेडमध्ये वर्षभरातली, म्हणजे १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्टची, देशभरची नावं वाचली जातात. त्यात नक्षलवाद्यांच्या सुरुंगाने गेलेला असतो, दंगलीत दगड लागून गेलेला असतो, आणि रात्री नाक्यावर उभा असताना ट्रकने उडवलेलाही असतो. आपल्याच राज्यात ८ मार्च २०१२ ला मुरैना जिल्ह्यात नरेंद्र कुमार हे तरुण आयपीएस अधिकारी बेकायदा दगडवाहतूक करणारा ट्रॅक्टर अडवायला गेले आणि त्याखाली चिरडले गेले. एप्रिल २०२० मध्ये जूनी इंदौर ठाण्याचे टीआय कोरोनाने गेले. (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: आमचा टीआय तोच तुमचा पीआय.)

यांच्यासाठी काही जण ‘धारातीर्थी पडले’ लिहितात. मला तो शब्द इतका आवडतो की तो कुठेही वापरलेला बघवत नाही. धारा म्हणजे तलवारीची धार आणि धारा म्हणजे पाण्याचीही; योद्ध्याला तलवारीची धार हेच तीर्थ, तिथे पडणं म्हणजे तीर्थात न्हाणं. एका शब्दात दोन धारा. तो रणांगणाचा शब्द आहे. टीआय साहेब कोरोना वॉर्डात गेले, ते धारातीर्थी नव्हे. आणि त्यांचं जाणं त्यामुळे जराही कमी ठरत नाही. बखरींत याहून साधा शब्द सापडतो: ‘कामास आले’. इंदूरचं हिंदीही ‘काम आ गए’ म्हणतं. हा शब्द आपण का टाकून दिला कोण जाणे. बहुधा ‘कामी येणे’ला आता उपयोगी पडण्याचा वास लागलाय, म्हणून.

‘बलिदान’ही सांभाळून. संस्कृत बलि एकच, पण मराठीत त्याच्या दोन वाटा झाल्या. मथळ्यात ‘अपघातात तीन बळी’ लिहिलं की ती संख्या असते; भाषणात ‘तिघांचं बलिदान’ म्हटलं की ती माणसं होतात. माणसं तीच, फक्त ‘ळ’चा ‘ल’ झाला. शिवाय बळी दिला जातो, तो स्वतः जात नाही; स्वेच्छा दाखवायची तर आत्मबलिदान म्हणायला हवं. आणि ‘बलिदान दिलं’ यात दान आणि देणं दोनदा येतं, पण ते आता इतकं रुळलंय की त्यावर मी भांडत नाही.

सरकारदरबारी तर ‘शहीद’ला जागाच नाही. सैन्य आणि केंद्रीय पोलीस दलांसाठी अशी अधिकृत संज्ञा नसल्याचं केंद्राने सांगितलेलं आहे, आणि २०२२ मध्ये सैन्याने एका पत्राने आपल्या लोकांना मार्टर हा शब्द टाळायलाही सांगितलं. तरी गावच्या चौथऱ्यावर, शाळेच्या नावात, रस्त्याच्या पाटीवर शहीदच लिहिलेलं असतं. लोकांनी दिलेली पदवी सरकारच्या यादीत नसली तर नसली.

तेव्हा ताई, मथळ्यासाठी माझं मत असं. ‘पोलीस स्मृतिदिन’ मोठ्या अक्षरात आणि खाली ‘कर्तव्य बजावताना प्राण वेचलेल्या पोलिसांना अभिवादन’. यात सीमेवरचाही मावतो, नाक्यावरचाही आणि वॉर्डातलाही. ‘कर्तव्यावर असताना’ लिहू नका. माणूस ड्यूटीवर असतो, कर्तव्य तो बजावतो. हा ‘बजावणे’ हुकूम बजावणे, नोटीस बजावणे यातला, फारसीतून आलेला. त्याचा हिंदी बजानाशी, म्हणजे वाजवण्याशी, संबंध नाही. माझ्या नातवाने निबंधात ‘गणपतीत आम्ही ढोल बजावला’ लिहिलं, तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगत सुटलोय.

‘श्रद्धांजली’ चुकीची नाही, पण मराठी कानाला ती ताज्या दुःखाची वाटते. तिच्यासोबत ‘भावपूर्ण’ आणि फुलांची चौकट आपोआप येते. दरवर्षीच्या दिवसाला ‘अभिवादन’ बरं. नावांपुढे ‘स्व.’ की ‘कै.’ हा आपला इंदूर-पुणे वाद इथे नकोच. यादीत सगळ्या धर्मांची माणसं असतील, म्हणून ‘दिवंगत’, किंवा काहीच नको, फक्त हुद्दा आणि नाव. ज्या घरच्यांनी दारावरच्या पाटीवर ‘शहीद’ लिहिलंय, त्यांच्या माणसाच्या नावाआधी शहीद लिहा; जे हुतात्मा म्हणतात, त्यांच्यासाठी हुतात्मा. एकाच फ्लेक्सवर दोन्ही आले तरी चालतील. दीर काय म्हणतील ते मी बघतो.

आणि विचारायला जाल तेव्हा ‘च’कडे कान असू द्या. आमच्या गल्लीत एक काकू राहतात. यजमान हवालदार होते, थंडीतल्या एका रात्री नाक्यावर ट्रकने उडवलं. काकूंच्या तोंडून मी शहीदही ऐकलं नाही आणि हुतात्माही. त्या म्हणतात, "हे ड्यूटीवरच गेले." ‘ड्यूटीवर गेले’ म्हणजे डबा घेऊन रोज जात तसे गेले. ‘ड्यूटीवरच गेले’ म्हणजे परत आले नाहीत. आमच्या मंडळाने मागे असाच फलक केला होता, तेव्हा मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि नावाआधी काय लिहू असं विचारलं. त्यांनी कपाटातून पट्ट्याचं बक्कल काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "आधी काही नको. मागे हा नंबर लिहा. लोक त्यांना नंबरानेच हाक मारायचे."