डोक्याचं हाड काढून पोटात ठेवलंय, ते परत बसवायलाच पायजे का?

हो, बसवायलाच पायजे. तुम्ही लिहिलं की काका गाडीवरून पडले, डोक्याचं हाड काढून पोटाच्या कातडीखाली ठेवलं, आता ते चालतात-बोलतात आणि घरचे म्हणतात कायले पुन्हा कापाकापी. माझ्या मोठ्या भावाच्या वेळी आमच्याकडं, दारव्हा तालुक्यात, हेच बोलणं चाललं होतं म्हणून सविस्तर लिहितो.

मार लागला की मेंदू सुजतो आणि कवटीच्या आत पसरायला जागा नसते, म्हणून हाड काढून जागा करून देतात, त्यानंच जीव वाचतो. सूज उतरली की तिथं खड्डा पडतो, बसल्यावर जास्त दिसतो, झोपल्यावर भरल्यासारखा वाटतो, एवढ्यानं घाबरू नका. पण खड्डा खोल जात चालला आणि सोबत डोकं दुखणं, चक्कर, एका बाजूचा हात-पाय ढिला पडणं सुरू झालं तर ते हाड नसल्यामुळंही असतं, आणि हाड बसवल्यावर पेशंट सुधारतो, भावाची जीभ जड होती ती नंतर बरीच मोकळी झाली. पोटातलं हाडही कायमचं टिकत नाही, हळूहळू झिजतं, मग टायटॅनियम नाहीतर बोन सिमेंटचं बसवावं लागतं. साधारण 6 आठवडे ते 3 महिन्यांत बसवतात, जखमेत इन्फेक्शन असेल तर थांबतात.

उलटं झालं, म्हणजे ती जागा बसलेलं असतानाही फुगून टाइट राहिली, माणूस सुस्त पडला, उलट्या, चाल डगमगली, कपड्यात लघवी होऊ लागली, तर त्याच दिवशी न्या. डोक्यात पाणी साचलं असू शकते, सीटी काढून बघतात, लागलं तर शंट टाकतात, म्हणजे डोक्यातून कातडीखालून पोटापर्यंत बारीक नळी. सकाळी वावरात जाऊन मग नेऊ असं करू नका, 108 ला फोन लावा.

झटक्याच्या गोळ्या बरं वाटते म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत, भावाच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त धास्ती ह्याचीच होती. आणि हाड नाही त्या कुशीवर झोपू देऊ नका, बाहेर निघताना टोपीवजा हेल्मेट घाला, काही दिवस गाडी, विहीर, झाडावर चढणं पूर्ण बंद.

पैशाचं म्हणाल तर सेवाग्राम किंवा नागपूर मेडिकलला महात्मा फुले योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्र बसतो, रेशन कार्ड, आधार आणि पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड घेऊन जा, हाड बसवणं योजनेत बसते का ते त्यालाच विचारा आणि न्यूरोसर्जनकडून तारीख घेऊनच परत या.